आवाज आहे, चित्र नाही

लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या इमारतीत, पोटमाळ्यावर बसून दुरुस्ती करणाऱ्या काकांची मी आयुष्यभराची देणेकरी आहे. त्यांनी माझा लॅपटॉप चालू करून दिला, हे त्यातलं लहान देणं. बंद पडलेल्या यंत्राला काय विचारायचं आणि कुठल्या क्रमाने विचारायचं, हे त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं, ते मोठं.

2013 सालची गोष्ट. मी घरी अक्षरजुळणीची कामं करायचे. गणपती गेले की दिवाळी अंकांची घाई सुरू होते. एका अंकाचा अख्खा कथाविभाग माझ्याकडे होता. सकाळी लॅपटॉप सुरू केला तर पंखा फिरला, बटणातला दिवा लागला, पडदा मात्र काळाच. एका सेवा केंद्रात नेला. तिथे उघडूनही न पाहता ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणाले आणि जवळजवळ नव्या लॅपटॉपइतका खर्च सांगितला. घराचं भाडं त्या अंकांच्या पैशांतून जायचं होतं. छापखान्यातल्या एका माणसाने काकांकडे पाठवलं.

काकांनी स्क्रू ड्रायव्हरला हातही लावला नाही. आधी प्रश्न. पडला होता का? पाणी सांडलं होतं? झाकण हलवल्यावर पडदा कधी लुकलुकायचा? मग अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. आत साठून राहिलेला करंट त्याने निघून जातो आणि कित्येक मशीनं तेवढ्यावर चालू होतात. माझं झालं नाही. पुन्हा अडॅप्टर लावून त्यांनी मला कॅप्स लॉकची कळ दाबायला सांगितली. तिचा दिवा लागला. पुन्हा दाबली, विझला.

“बघ पोरी, मशीन जिवंत आहे. बोर्ड मेला असता तर त्याने तुला ओ दिली नसती.”

नंतर दुकानातले दिवे घालवून त्यांनी टॉर्च पडद्यावर तिरपा धरला आणि मला वाकून बघायला लावलं. काळ्या काचेत फिकट चौकोन दिसत होते, माझ्याच फायलींचे. चित्र येत होतं. त्यामागचा उजेड तेवढा नव्हता. एलसीडी पडदा स्वतः उजळत नाही, त्याच्यामागे दिवे असतात. जुन्या लॅपटॉपमध्ये बारीक ट्यूब असायची, नंतर एलईडीची पट्टी आली. काकांनी व्हीजीए केबलने बाहेरचा मॉनिटर जोडला आणि माझा कथाविभाग जसाच्या तसा समोर आला. मला रडू फुटलं. ते म्हणाले, “आधी सगळं पेनड्राइव्हवर घे. मशीन मग बघू.”

दोष बिजागरीतून जाणाऱ्या केबलमध्ये निघाला. झाकणाच्या उघडझापीने ती तिथेच पिचली होती आणि पडद्यामागच्या दिव्यांना वीज नेणारी तार तुटली होती.

ही रीत त्यांनी टीव्हीच्या काळात कमावलेली. पिक्चर ट्यूबचा संच आला की त्यांचा पहिला सवाल असे: आवाज येतो का? आवाज आहे आणि चित्र नाही, म्हणजे अँटेना आणि ट्यूनर सोडा, पुढे शोधा. काय बिघडलंय यापेक्षा काय चालतंय हे आधी नक्की करायचं, मग दोषाला लपायला जागा कमी कमी होत जाते. माझ्या मते दुरुस्तीची खरी विद्या हीच; सुटे भाग बदलणं त्याच्या नंतरचं.

पैसे त्यांनी केबलचे आणि थोडे मजुरीचे घेतले. सेवा केंद्राचा आकडा मी त्यांना सांगितलेला होता. त्याच्या निम्मे मागितले असते तरी मी आनंदाने दिले असते.

पुढे मी कामाशिवायही जात राहिले. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवून ती पुन्हा नीट बसवणं, दोन असतील तर एकेक लावून पाहणं, सगळं तिथेच शिकले. 2020 च्या टाळेबंदीत मुलांच्या शाळा घरात भरू लागल्या आणि दुरुस्तीची दुकानं बंद. आमच्या इमारतीतले काळ्या पडद्याचे लॅपटॉप माझ्या दाराशी येऊ लागले. अडले की काकांना फोन करायचा. पलीकडून आधी तोच प्रश्न: “कॅप्स लॉक दाबलंस का?” बऱ्याच मशीनचं खोडरबरावरच भागलं. कुणाकडून पैसे घ्यावेसे वाटले नाहीत. जे घेऊन मी उभी होते, ते मला असंच मिळालं होतं.

तुमच्या लॅपटॉपचा पडदा कधी काळा पडला, तर बोर्ड गेल्याचं कुणी सांगितलं म्हणून तो भंगारात देऊ नका. आधी अंधारात टॉर्च धरून पाहा, दुसरा मॉनिटर जोडून पाहा. आणि चित्र दिसलं, तर आपल्या फायली बाहेर काढल्याशिवाय तो कुणाच्या हाती सोपवू नका.