पडद्याआडचे कान

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी कायमची केली. तिचंच पुढे लष्कर झालं, आणि तिथली मराठी घरं त्या काळापासूनची. अशा घरातलं चार वर्षांचं मूल आजीकडे मराठीत हट्ट करतं आणि दारावर आलेल्या भाजीवाल्याशी हिंदीत बोलतं. कुणाशी काय बोलायचं याचा पाठ त्याला कुणी दिलेला नसतो. ते पाहत असतं, ऐकत असतं, चुकलं की समोरच्याचा चेहरा वाचून पुढच्या वेळी सुधारतं. माणसाची पहिली आणि बहुधा सर्वांत मोठी कमाई ही अशी असते. पुढे शाळा सुरू झाली की मात्र तीच रीत दुय्यम ठरते. पुस्तकातून आलेलं ते पक्कं आणि नुसतं पाहून-ऐकून आलेलं ते कच्चं, अशी एक उतरंड आपण लावून ठेवली आहे. मला ती पटत नाही, आणि न पटण्याची कारणं शोधायला याच शहराच्या गाण्याइतकी चांगली जागा नाही.

ग्वाल्हेर घराण्याची जन्मकथा म्हणून जी सांगितली जाते ती चक्क चोरून ऐकण्याची कथा आहे. नत्थन पीरबख्श यांचे नातू हद्दू खाँ आणि हस्सू खाँ तरुण होते, तेव्हा शिंद्यांच्या दरबारात बडे मुहम्मद खाँ आपल्या अवघड तानांसाठी गाजत होते. ते या मुलांना शिकवणं शक्य नव्हतं. तेव्हा खुद्द महाराजांनीच दोघांना लपून ऐकण्याची सोय करून दिली, अशी आख्यायिका आहे. कुणी पडदा सांगतं, कुणी पलंग. पुढे या भावांनी दरबारात तीच तानबाजी ऐकवली आणि खाँसाहेबांना आपण लुटलो गेल्याचं कळलं. तपशील खरे-खोटे असोत, पण गायकांच्या पिढ्यांनी ही गोष्ट लाज म्हणून दडवली नाही, अभिमानाने सांगितली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

यावर पहिला आक्षेप असा की ही नक्कल झाली, शिक्षण नव्हे. पण पडद्याआड तुम्हा-आम्हाला वर्षभर बसवलं असतं तर काय हाती लागलं असतं? फार तर थक्क झाल्याची आठवण. त्या भावांच्या गळ्यावर आजोबांची तालीम आधीच चढलेली होती, म्हणून एकेक तान त्यांना उकलून ऐकू आली. निरीक्षण रिकाम्या माणसाला काही देत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तोही आख्यायिकेतच आहे. मियाँ मल्हारात ‘कडक बिजली’ची तान घेताना हस्सू खाँची बरगडी दुखावली आणि त्यातच त्यांचा अंत झाला, असं सांगतात. लपून ऐकणाऱ्याला तान मिळते, पण त्या तानेचं ओझं शरीराने कसं पेलायचं आणि कुठे थांबायचं, हे सांगायला पडद्यापलीकडचा माणूस वळून पाहत नाही. ही उणीव खरी आहे. तिच्याकडे परत यावं लागेल.

तरुणपणी माणूस नक्कल करण्यासाठी पाहतो. प्रौढपणीची अडचण वेगळी असते. तोवर डोक्यात मतं घट्ट बसलेली असतात, आणि समोरचं दिसण्याआधी त्याचं नाव ठरलेलं असतं. या वयात निरीक्षण करायचं म्हणजे आपलंच म्हणणं खोडून घ्यायची तयारी ठेवायची. विष्णु नारायण भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. पेशाने वकील, संस्कृत ग्रंथ वाचलेले. तेराव्या शतकात देवगिरीला शार्ङ्गदेवाने लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ प्रमाण मानून आजचं गाणं त्यात बसवणं त्यांना सोपं होतं, पंडिती परंपरेला शोभणारंही होतं. त्यांनी गावोगाव फिरून, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून, प्रत्यक्षात काय गायलं जातं ते टिपलं, आणि ग्रंथातला राग आणि गळ्यातला राग जुळत नाहीत हे मान्य केलं. १९१० च्या ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’मध्ये त्यांनी प्रचारातल्या गाण्याला प्रमाण धरलं. वकिलाने जुना कायदा बाजूला ठेवून साक्षीदाराचं ऐकावं, तसं हे झालं.

भातखंड्यांवरची टीका ठाऊक असलेले लगेच म्हणतील की त्यांनीही शेवटी सगळे राग दहा थाटांच्या खणांत कोंबलेच ना? कोंबले, आणि काही राग तिथे अवघडून बसले आहेत हेही खरं. पण भूप आणि देशकार यांचं काय केलं ते पाहावं. दोन्हींत स्वर तेच पाच: सा रे ग प ध. कल्याण आणि बिलावल हे थाट वेगळे होतात ते फक्त मध्यमामुळे, आणि तो मध्यम या दोन्ही रागांत नाहीच. खणांच्या हिशेबाने हे राग वेगळे करायला आधारच उरत नाही. तरी भातखंड्यांनी भूप कल्याणात ठेवला आणि देशकार बिलावलात. कारण भूप गंधारावर विसावतो, पूर्वांगात रमतो, तर देशकार धैवताला धरून वरच्या अंगाने चालतो. म्हणजे निवाडा झाला तो वागण्यावरून. स्वरांची यादी कितीही बिनचूक असली तरी एखादा स्वर कुठे रेंगाळतो आणि कुठून निसटतो, हे अनेकदा ऐकल्याशिवाय कळत नाही. माणसांचंही याहून फार वेगळं नसावं. दोन भावांची जात, शिक्षण, पगार सगळं सारखं असतं, पण कोण कुठे थांबतो यावरूनच ते वेगळे ओळखू येतात.

निरीक्षणाचं एवढं गुणगान करताना बाबराची आठवण काढणं भाग आहे. तो सप्टेंबर १५२८ मध्ये ग्वाल्हेरला आला तेव्हा भातखंड्यांच्याच वयाचा, पंचेचाळिशीचा होता. त्याच्यासारखा टिपणारा डोळा राजांमध्ये विरळा. मानसिंह तोमराच्या राजवाड्यावरची हिरव्या फरश्यांतली केळीची झाडं त्याने नोंदवली, आतल्या दालनांत हवा खेळत नाही हेही नोंदवलं. इथल्या एका बागेतली गडद लाल कण्हेर त्याला इतकी आवडली की रोपं आग्ऱ्याला नेली. उरवाहीच्या कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती पाहिल्या, त्यांची उंची लिहिली, आणि त्या फोडण्याचा हुकूम दिला. नजर बिनचूक होती, पण जे आवडलं ते त्याने नेलं आणि जे पटलं नाही ते मोडलं. दिसलेल्या गोष्टीला आपल्या मतावर काही हक्क आहे, हे त्या कड्यासमोर त्याच्या मनाला शिवलं नाही. तेव्हा नुसतं बारकाईने पाहणं पुरत नाही हा आक्षेप मी पुरता मान्य करतो. फक्त तो निरीक्षणावरचा आक्षेप आहे असं मला वाटत नाही. बाबराने अर्ध्यावर सोडलेल्या निरीक्षणावरचा तो आहे.

आता राहिली ती पडद्याची उणीव. तिचं उत्तर ग्वाल्हेरनेच पुढच्या पिढीत दिलं. घराण्यातले उस्ताद निसार हुसेन खाँ शंकर पंडितांच्या घरी राहायला होते. मुसलमान उस्ताद आणि ब्राह्मण शिष्य एका छपराखाली, तेही एकोणिसाव्या शतकात. इथे चोरून ऐकायची गरजच नव्हती. मैफलीतली तान ऐकू येत होती, तशी सकाळचा घसा साफ करणंही ऐकू येत होतं. उस्ताद काय टाळतात, कोणत्या दिवशी गात नाहीत, हेही नजरेसमोर होतं. शिवाय उस्तादांचं लक्षही शिष्यावर होतं. शंकर पंडितांचे चिरंजीव कृष्णराव १९८९ पर्यंत हयात होते. त्यांच्या गाण्यातला तो ठाशीव, कुठेही वाहवत न जाणारा डौल निव्वळ तानांच्या संग्रहातून येणारा नव्हे. आज त्यांची ध्वनिमुद्रणं कुणीही हवी तितक्या वेळा मागे नेऊन ऐकू शकतो. हद्दू-हस्सूंना मिळाला त्याहून कितीतरी सोयीचा पडदा आहे हा, आणि त्याची उणीवही तीच आहे.

भातखंड्यांना हे कळत असावं. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय उघडलं, तेव्हा त्यांच्याकडे स्वरलिपी होती आणि टिपून आणलेल्या बंदिशींचा ढीग होता. तरी शिकवायला त्यांनी घेतले ते राजाभैया पूंछवाले यांच्यासारखे, शंकर पंडितांसमोर बसून तयार झालेले गवई. त्या गवयांना मुंबईला बोलावून स्वरलेखन शिकवलं आणि वर्गावर परत ग्वाल्हेरला पाठवलं.