१२८ बाइट्सची ओळख

मॉनिटर जोडला की चित्र दिसतं, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण त्याआधी ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर यांचं थोडं बोलणं झालेलं असतं. मॉनिटरच्या आत एका बारक्या चिपमध्ये १२८ बाइट्सची माहिती असते: कंपनी कोणती, पडदा किती सेंटीमीटरचा, कोणतं रिझोल्यूशन झेपेल. तिला ईडीआयडी म्हणतात. जुन्या व्हीजीए प्लगला १५ पिना असतात आणि हे बोलणं त्यांतल्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून चालतं. स्वस्तातल्या केबलमध्ये या दोन तारा कधीकधी नसतातच. रंग दुसऱ्या पिनांवरून जातात, त्यामुळे चित्र येतं. फक्त समोर कोण आहे हे कार्डाला कळत नाही. मग लिनक्स सावध होतं आणि कुणालाही झेपेल असं १०२४ बाय ७६८ देऊन मोकळं होतं.

मिरजेच्या आमच्या घरी हे असंच कित्येक महिने चालू होतं.

आई घरबसल्या डीटीपी करते. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, एखादा स्मरणिकेचा अंक. पीसी जुना, त्यावर लिनक्स मिंट. मॉनिटर १९२० बाय १०८० चा, शेजारच्यांनी घर बदलताना दिलेला. तो आल्यापासून तिला 'द्ध' आणि 'द्द' वेगळे दिसेनात. पत्रिकेत 'सिद्धी'ची 'सिद्दी' झाली तर कार्डं पुन्हा छापायची, तीही आपल्या खर्चानं. चष्मा बदलून झाला. प्रत्येक पानाची प्रिंट काढून भिंगानं तपासणं सुरू झालं. फोनवर एकदा सहज म्हणाली, "अगं, दिवाळीनंतर पत्रिकांचं काम बंद करते. वय झालं आता."

सुट्टीत घरी गेल्यावर मी आधी तिच्या खुर्चीत बसून पडदा पाहिला. माझ्या पंचविशी ओलांडलेल्या डोळ्यांनाही 'द्ध' दिसत नव्हता.

एलसीडीचे ठिपके मोजून बसवलेले असतात. इथे ते वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. त्यांच्यावर पावणेआठ-आठ लाख ठिपक्यांचं चित्र ताणून बसवलं की एक ठिपका शेजारच्या दोघांत वाटला जातो. इंग्रजी अक्षरं त्यातही वाचता येतात. आपल्या जोडाक्षराच्या पोटातली बारीक गाठ मात्र भरून जाते. शिवाय चौकोनी चित्र रुंद पडद्यावर पसरल्यामुळे सगळी अक्षरं सुजल्यासारखी दिसत होती.

सेटिंग्जच्या खिडकीत १०२४ च्या वर पर्यायच नव्हता. 'तुझी माहिती चुकीची आहे' असं सांगायला त्या खिडकीत जागा नसते. टर्मिनलमध्ये असते. मला लिनक्स आवडतं ते मुख्यतः यासाठी.

सीव्हीटी नावाच्या कमांडला १९२०, १०८०, ६० असे आकडे दिले की ती एक मोडलाइन काढून देते: १७३ मेगाहर्ट्झ, मग आकड्यांची रांग. त्यात एक गंमत आहे. दिसणारे रकाने १९२०, पण ओळ मोजली जाते २५७६ ठिपक्यांची. उरलेले ६५६ कुठेच दिसत नाहीत. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यात इलेक्ट्रॉनचा झोत उजवीकडे पोचल्यावर परत डावीकडे यायचा, त्याच्यासाठी राखलेला तो वेळ. झोत गेला, नळी गेली, हा वेळ अजून हिशेबात आहे.

पुढे एक्सरँडरला तीनदा सांगायचं: हा नवा मोड, तो व्हीजीए-१ ला जोड, आता लाव. पडदा दोन सेकंद काळा झाला. आईनं देवाचं नाव घेतलं. मग डेस्कटॉप परत आला, लहान आणि धारदार.

लॉगआउट केलं की हे सगळं पुसलं जातं, म्हणून त्या तीन ओळी होम फोल्डरमधल्या एक्सप्रोफाइल फाइलमध्ये टाकल्या. वेलँडवर चालणाऱ्या नव्या डेस्कटॉपवर एक्सरँडरची ही युक्ती चालत नाही. तिथे बऱ्याचदा बूट होतानाच कर्नलला मोड सांगावा लागतो. आणि खरं तर चांगली केबल आणली की यातलं काहीच लागत नाही. ती मी दुसऱ्या दिवशी आणली. तरी त्या ओळी राहू दिल्या.

आईनं मला खुर्चीतून उठवलं. गेल्या हंगामातल्या पत्रिकांचं फोल्डर उघडलं आणि एकेक फाइल तपासायला लागली. तिसऱ्या की चौथ्या पत्रिकेवर थांबली.

"ही अशीच छापून गेली गं," ती म्हणाली. "कुणी काही बोललंच नाही."