बाबांना ‘ही’ कसं म्हणू?

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर दुकानांची शटरं वर जायच्या आधी, सकाळी साडेआठला आमचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. मागच्या गल्लीतला पहिला मजला, वीस खुर्च्या आणि एक पांढरा फळा. कापडदुकानातले सेल्समन, नर्सिंगच्या मुली, रेल्वेच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं यायची. बहुतेक सगळी मराठी शाळांत शिकलेली.

एकदा मी ‘माझे वडील’ यावर पाच वाक्यं लिहायला सांगितली. काटोल तालुक्यातली, नागपुरात खोली करून राहणारी एक मुलगी होती. तिने लिहिलं, ‘माय फादर इज अ फार्मर. दे ग्रो ऑरेंजेस. दे गेट अप अ‍ॅट फोर.’ मी लाल पेनाने दोन्ही ‘दे’ खोडले, वर ‘ही’ लिहिलं, क्रियापदांना ‘एस’ जोडला आणि सांगितलं, “वडील एकच आहेत ना? मग एकवचन.”

ती वहीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “सर, बाबाले ‘ही’ कसं म्हणू जी? ‘तो’ म्हटल्यावाणी वाटते.”

तिची चूक कुठून आली ते मला तेव्हा कळलं. ‘बाबा आले, ते म्हणाले’ हे आपलं आदरार्थी बहुवचन. तिने मनातलं शुद्ध मराठी वाक्य इमानाने इंग्रजीत नेलं होतं. मी उत्तर दुरुस्त केलं, पण तिची अडचण तशीच राहिली होती.

त्यानंतर मी प्रत्येक चुकीमागचं मराठी वाक्य शोधू लागलो. ‘ही इज माय सिस्टर’ असं एक जण नेहमी म्हणायचा. आपल्या कानाला ‘ही’ स्त्रीलिंगीच लागते, ‘ही माझी बहीण’. इंग्रजीतला ‘ही’ मात्र पुरुष. तसंच ‘मी’चं. इंग्रजीतलं ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’. म्हणून ‘मी अँड माय फ्रेंड वेंट’ तोंडात सहज येतं. त्यावर मी एक उपाय द्यायचो: मित्राला वाक्यातून काढून बघा. ‘मी वेंट’ उभं राहत नाही, ‘आय वेंट’ राहतं.

‘त्याची बहीण’ म्हणताना ‘ची’ बहिणीकडे बघून येते, त्यामुळे काही जण ‘हर सिस्टर’ लिहायचे. इंग्रजी फक्त बहीण कुणाची ते बघतं, म्हणून ‘हिज’. ‘पाऊस पडतोय’ या वाक्यात आपल्याला सर्वनाम लागतच नाही. इंग्रजीला तिथेही ‘इट’ हवं. आणि मुलाखतीत ओळख करून देताना ‘मायसेल्फ’ने सुरुवात करायची नाही. तो शब्द ‘स्वतःला’, ‘स्वतः’ या अर्थाचा. आपलं नाव सांगायला ‘आय अ‍ॅम’ पुरतं.

उलट ‘आपण चहाला जाऊ’ आणि ‘आम्ही चहाला जातो’ यांतला फरक इंग्रजीच्या एकट्या ‘वी’ला दाखवता येत नाही. हे फळ्यावर मांडलं तेव्हा वर्ग ताठ बसला. आपल्या भाषेकडे इंग्रजीपेक्षा काही जास्त आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या मुलीचा प्रश्न मात्र आदराचा होता. तिला मी ‘यू’ची गोष्ट सांगितली. इंग्रजीतही पूर्वी आपल्या ‘तू’सारखं ‘दाऊ’ होतं आणि ‘तुम्ही’सारखं ‘यू’. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही आहेत. पुढे रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ गेलं आणि राजापासून पोरापर्यंत सगळ्यांना ‘यू’ उरलं. ‘ही’मध्ये तर मान-अपमान कधी नव्हताच. इंग्रजीत आदर ‘सर’, ‘प्लीज’, ‘मे आय’ यांत आणि बोलण्याच्या सुरात असतो. “‘ही’ म्हटल्याने बाबा ‘तो’ होत नाहीत,” एवढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने उभं राहून वाचलं, ‘ही ग्रोज ऑरेंजेस. ही गेट्स अप अ‍ॅट फोर.’ एकदाही अडखळली नाही.

इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सोबत्यांना एकच विनंती आहे. लाल पेन उचलण्याआधी विचारा, “मराठीत काय म्हणायचं होतं?” सर्वनामाच्या निम्म्या चुका त्या उत्तरातच सुटतात.