पेडण्याच्या वाटा आणि बाबागाडी



उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा ह्या दोन नद्यांच्या मध्ये पेडणे तालुका वसला आहे. 1788 साली हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला आणि डिचोलीप्रमाणे त्याचीही गणना नव्या काबिजादींत होऊ लागली. राज्ये बदलली, तरी पायवाटांनी आपले नाते सोडले नाही. घरी मूल रांगू लागले की पेडण्याची आजी आजही सावंतवाडीच्या लाकडी पांगुळगाड्याची आठवण काढते. आणि त्याच तालुक्यातील मोप्याच्या माळावर 5 जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली आहेत. त्यांतून आखातातील व विलायतेतील आमची माणसे सुट्टीला येतात, ती कित्येकदा पुढे बाळाची बाबागाडी ढकलीत.

ह्या दोन गाड्यांच्या निमित्ताने आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो. नवरा बोटीवर, घरी सासू आणि सहा महिन्यांचे मूल, बोटीवरून निरोप येतो, "कोणती गाडी आणू?" प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या घरी महिन्याची शिल्लक मोजून ठेवावी लागते, तेथे तो क्षुल्लक नाही. शिवाय सासूचे गुडघे दुखत असले, तर बाळाला लस टोचून आणण्यास ती सुनेबरोबर जाऊ शकत नाही. एका कडेवर मूल, दुसऱ्या हातात पिशवी आणि छत्री, अशी ती माउली एकटीच आरोग्य केंद्राची चढण चढते. तिचा एक हात मोकळा होणे, ह्याची किंमत रुपयांत कशी सांगावी?

बाबागाडी ही मुळात श्रीमंतांची चीज. 1733 साली इंग्लंडात विल्यम केंट नावाच्या कलावंताने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक गाडी बनविली. ती बकरीने किंवा तट्टाने ओढावयाची होती! पुढे दीर्घकाळ ह्या गाड्या मोठ्या चाकांच्या आणि जडच राहिल्या. 1965 साली ओवेन मॅक्लारेन ह्या इंग्रज अभियंत्याने तिचे रूप पालटले. हे गृहस्थ स्पिटफायर लढाऊ विमानाच्या, उड्डाणानंतर पंखांत मिटणाऱ्या चाकांच्या रचनेवर काम केलेले. तीच विद्या त्यांनी नातवंडाच्या सोयीसाठी वापरली. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, जेमतेम पावणेतीन किलो वजनाची गाडी त्यांनी केली. युद्धाच्या यंत्रातून पाळण्याचे काम निघाले, हे आम्हांस फार आवडते.

आज मोप्यावर तीन जातींच्या गाड्या दिसतात. एक ही छत्रीसारखी मिटणारी. दुसरी भरभक्कम; तिच्यात बाळ सपाट निजते आणि तिची बैठक काढून मोटारीतही बसविता येते. तिसरी तीन मोठ्या, हवा भरलेल्या चाकांची. हरमल, मांद्र्याच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुणे हिला ओल्या वाळूवरूनही ढकलताना दिसतात.

विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर तिन्ही सारख्याच शोभतात. खरी परीक्षा होते ती आमच्या वाड्यांवर. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, पावसाने उखडलेली वाट, मध्येच गटारावरची फळी! छत्रीगाडीची इवलीशी टणक चाके तेथे पहिल्याच खड्ड्यात रुततात. भरभक्कम गाडी बसच्या पायरीवर उचलून घेणे एकट्या बाईचे काम नव्हे. डिचोलीकडे, जेथे खनिजाचे ट्रक फिरले, तेथील तांबडी धूळ चाकांच्या आसांत शिरते आणि गाडी कुरकुरू लागते. राष्ट्रीय हमरस्त्याच्या कडेने तर कोणतीच बाबागाडी नेऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

आता हिशेब पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. आठवड्यातून तीन फेऱ्या होतात असे मानू. 15,000 रुपयांची भरभक्कम गाडी दीड वर्षात अडगळीत गेली, तर 234 फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरी 64 रुपयांस पडते. 3,000 रुपयांची छत्रीगाडी अडीच वर्षे टिकली, तर 390 फेऱ्या होऊन फेरीस पावणेआठ रुपयेही पडत नाहीत; पण आठ महिन्यांत चाक मोडले, तर तीच फेरी 28 रुपयांवर जाते. उलट 8,000 रुपयांची मोठ्या चाकांची गाडी, हजार रुपये दुरुस्तीस घालून, एकामागून एक तीन मुलांनी वापरली तर 1,170 फेऱ्या होतात, आणि फेरी पुन्हा पावणेआठ रुपयांच्या आतच येते. अर्थात दारात मोटार असेल तर भरभक्कम गाडीची काढती बैठक बाळाचा जीव वाचवील. तेथे हा हिशेब लावू नये.

तेव्हा विकत घेताना रंग आणि झालर पाहण्यापेक्षा चाक निघते का, सुटे भाग मिळतात का, हे विचारावे. हवेच्या चाकाची नळी पंक्चर झाली तर डिचोलीच्या बाजारातील सायकल दुरुस्त करणाराही ती सांधून देईल. प्लास्टिकचा सांधा तडकला की कोणाचाच उपाय चालत नाही.

सावंतवाडीचा पांगुळगाडा ह्या स्पर्धेत नाही, हे सांगितले पाहिजे. त्यात मूल बसत नाही. तीन चाकांच्या त्या लाकडी चौकटीला धरून ते उभे राहते आणि आपल्याच पायांनी पुढे जाते. कातावर फिरवून लाखेच्या रंगाने चढविलेली त्याची तांबडी-पिवळी झळाळी तेथील चितारआळीत आजही पाहावयास मिळते. खुंटी सैल झाली तर गावचा सुतार ती ठोकून देतो. मात्र मुलाला आत लटकत बसविणारा जो प्लास्टिकचा गोल वॉकर, त्याची आणि ह्याची गल्लत करू नये. जिन्यावरून पडण्याच्या अपघातांमुळे कॅनडा देशाने 2004 साली त्या वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. पांगुळगाड्याशीही मूल एकटे सोडू नयेच.

आणखी एक. एप्रिलच्या उन्हात गाडीवर दुपटे पांघरून बाळाला सावली करण्याची रीत पडली आहे. ती घातक आहे. आतली हवा कोंडून भट्टीसारखी तापते. छत्री धरावी, हवा खेळती ठेवावी. सहा महिन्यांच्या आतील, मान न सावरलेल्या बाळाला छत्रीगाडीत बसवू नये. त्या वयात आजीची झोळी किंवा आईची कूस हीच बरी, आणि तिला पैसाही पडत नाही.

पेडण्याच्या एका वाड्यावर आम्ही एक तीन चाकी गाडी पाहिली. आखातातून आलेली, चुलत घरांतून फिरत आता चौथ्या मुलाकडे पोहोचलेली. दर नव्या घरी जाताना तिचा पट्टा बदलतात, ब्रेक उतारावर तपासून पाहतात आणि आसांत खोबरेल नव्हे, सायकलचे तेल घालतात. सध्या ती डिचोलीच्या एका लेकीकडे जाण्याच्या बेतात आहे. जुने कापड उसवून नवे शिवणे तेवढे राहिले आहे.