कुलूपबंद प्रबंध

माझा एम. ए.चा प्रबंध मी घरच्यांना पाच वर्षं दाखवू शकले नाही. २००७ साली दक्षिण जर्मनीतल्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंटर्न म्हणून बसून तो लिहिला होता. पहिल्याच पानावर शब्द छापलेला: श्पेरफेरमेर्क. म्हणजे मुदत संपेपर्यंत हा मजकूर कंपनीच्या परवानगीशिवाय कुणाला दाखवायचा नाही, ग्रंथालयात ठेवायचा नाही. परीक्षक तेवढे वाचणार. तिकडे इंजिनिअरिंगची मुलं सर्रास कंपनीत राहून प्रबंध लिहितात, त्यांना याचं नवल नसतं. तौलनिक साहित्याची विद्यार्थिनी तिथे काय करतेय, हा प्रश्न माझ्या प्राध्यापकांनाही पडला होता. खरं उत्तर पैशांचं होतं. कंपनी सहा महिने विद्यावेतन देणार होती आणि माझी शिल्लक संपत आली होती.

विषय होता पॅकिंग मशीनच्या माहितीपुस्तिकांचं हिंदी भाषांतर. जर्मन पुस्तिकेत सूचना बहुधा नुसत्या क्रियापदाच्या मूळ रूपात असते: 'डेकल ओफ्नेन', झाकण उघडणे. कोण कुणाला सांगतंय, याचा पत्ताच नाही. हिंदीत आम्ही 'खोलें' लिहायचो. त्याआधी 'कृपया' हवं की नको, यावर दोन दिवस गेले. (भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा केलेलं वाक्य साठवलं जातं आणि पुन्हा आलं की त्याचे पैसे कमी मिळतात, तेव्हा 'कृपया'चा निर्णय एकदाच, पण हजार ठिकाणी लागू.) माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा सगळा डोलारा एकाच मुद्द्यावर उभा होता: हिंदीत सूचना देताना तू, तुम की आप हे ठरवल्यावाचून सुटकाच नाही, जर्मनसारखं अनामिक राहता येत नाही. मार्क चांगले पडले.

बाबा जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत होते. तिथले शक्तिमान ट्रक मूळचे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याचे. १९५९ मध्ये गन कॅरेज फॅक्टरीत सुरुवात झाली, व्हेइकल फॅक्टरी १९६९ची. शक्तिमानमधला 'मान' कुठून आला, हा बाबांचा ठरलेला विनोद. पण फॅक्टरीबद्दल ते घरी बोलत ते एवढंच. आईने काही विचारलं की, "फॅक्टरीचं फॅक्टरीत." त्यामुळे रविवारच्या फोनवर मी कराराचं सांगितलं तेव्हा जगात त्यांच्याइतकं चटकन कुणाला समजलं नसतं.

"सही केलीस ना? मग आम्हालाही सांगू नकोस."

आई मागून म्हणाली, "झालं. आता घरात दोघं मुके."

मग सहा महिने आम्ही हवापाण्यावर बोललो.

२०१२ मध्ये मुदत संपली. त्या उन्हाळ्यात मी बाइंडिंग केलेली प्रत जबलपूरला नेली. बाबा रिटायर झालेले. प्रबंध जर्मनमध्ये, त्यामुळे ते फक्त कोष्टकं बघत होते: डावीकडे जर्मन वाक्य, उजवीकडे हिंदी. बराच वेळ बोट फिरवून म्हणाले,

"हे 'खोलें' कोण म्हणतं गं?"

"म्हणजे?"

"शॉपमध्ये आम्ही म्हणायचो, 'पहले ढक्कन खोलना, फिर तेल देखना.' फोरमन हेल्परला तेच सांगायचा आणि हेल्पर आम्हाला तेच. यात आप नाही, तुम नाही."

मी गप्प. 'खोलना' म्हणजे 'ओफ्नेन'च. तेच मूळ रूप, तोच अनामिकपणा. मी लहानपणापासून गोरखपूरच्या बाजारात, रिक्षावाल्याकडून, शेजारच्या काकूंकडून हे ऐकत आले होते, आणि प्रबंधात मात्र हिंदीत ते होत नाही असं ठासून लिहिलं होतं.

"आणि आपल्यातही आहेच की," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आजी पत्रात नाही का लिहायची, तब्येतीस जपणे?"

"बाबा, हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?"

मी पेन्सिल शोधायला उठले. परत आले तोवर ते पुढच्या कोष्टकावर पोचले होते आणि तिथेही त्यांचं बोट थांबलेलं होतं.