वासाचा माग

मोटरसायकलची क्लचप्लेट बदलून आणली की पूर्वी घरात पहिला प्रश्न यायचा, "वास कसला येतोय रे?" गाडी वाड्याच्या बोळात उभी असायची आणि वास थेट माजघरापर्यंत यायचा. मग दुसऱ्या दिवशी वडील गाडी घेऊन नाना पेठेकडच्या गॅरेजात जायचे. पुण्यात दुचाकीचे सुटे भाग घ्यायचे तर नाना पेठच. गॅरेजातले मिस्त्री पाना हातात घेण्याआधी गाडीपाशी वाकायचे, दोन-तीनदा वास घ्यायचे आणि मगच विचारायचे, "साहेब, वास केव्हा येतो? गाडी तापल्यावर, की थंड असतानाही?"

त्या प्रश्नात एक अख्खी विद्या होती. आज गाड्या कितीतरी सुधारल्या, पण ही विद्या मात्र विरत चालली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा रस्त्यावर राजदूत, येझदी आणि बुलेट होत्या. 1985 मध्ये यामाहाची आरएक्स 100 आणि हिरो होंडाची सीडी 100 आली. येझदीच्या क्लचप्लेटांमध्ये बुचाचे तुकडे बसवलेले असत. नव्या प्लेटा आधी ऑइलमध्ये भिजत घालायच्या आणि मगच चढवायच्या, हा नियम. कोरड्या चढवल्या तर कात्रजच्या घाटात हाफ क्लचवर गाडी रेटताना बूच करपायचं. टू-स्ट्रोक गाडीत इंजिनचं ऑइल पेट्रोलबरोबर जळून जायचं, क्लच गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये फिरायचा. त्यामुळे टू-टी ऑइलच्या निळसर धुरातून करपलेल्या क्लचचा वास वेगळा काढणं हे खरं कसब होतं. हिरो होंडासारख्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या आणि क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये आला. मिस्त्री मग डिपस्टिक काढून ती नाकाशी धरायला लागले.

आमच्या मिस्त्रींची पद्धत मला अजून पाठ आहे. सगळ्यात आधी साधं कारण. हिरो होंडासारख्या गाडीत क्लच उजव्या बाजूला असतो आणि सायलेन्सरचा बेंडही त्याच बाजूने खाली येतो. कव्हर उघडताना ऑइल बेंडवर सांडतं आणि गाडी तापली की धूर आणि जळक्या तेलाचा वास येतो. बेंड पुसून घेतला की हा वास थोडं अंतर चालवल्यावर जातो. गेला नाही, तर कव्हरचं पॅकिंग झिरपत असणार. अशा वेळी ते कव्हरची कड कोरड्या फडक्याने पुसायचे, एक चक्कर मारून यायचे आणि पुन्हा बोट फिरवून बघायचे.

पेट्रोलचा वास असेल तर त्याचं कारण वेगळं. ऑइल काढायला लागू नये म्हणून अनेक जण गाडी डाव्या कुशीवर झोपवून कव्हर खोलतात. त्यात कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. सडक्या अंड्यासारखा वास आला की मिस्त्री बॅटरीकडे वळायचे, कारण जास्त चार्ज होणारी बॅटरी तसा वास सोडते.

सगळ्यात फसवा वास ब्रेकचा. उजवं कव्हर काढायचं तर किक, फूटरेस्ट आणि ब्रेकचा पायडल वाटेतून हलवावा लागतो. परत जोडताना ब्रेक जरा जास्त ताणला गेला, की मागचे लायनर ड्रमला घासत राहतात. त्यांचा करपट वास क्लचच्या वासाच्या इतका जवळचा की गिऱ्हाईक नव्या प्लेटांना दोष देतं. मिस्त्री ड्रमवर पाण्याचे चार थेंब टाकायचे. चर्र झालं की निदान पक्कं. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवायचं आणि ब्रेकचा नट सैल करायचा. क्लचला हातही लावायचा नाही.

आणि खरोखर क्लचच जळत असेल, तर वासाबरोबर आणखी खुणा दिसतात. गाडी रेस होते पण ओढत नाही, चढावर तर जास्तच. बऱ्याचदा केबल इतकी ताणून बांधलेली असते की लिव्हरला खेळच उरत नाही आणि प्लेटा पूर्ण दाबल्या जात नाहीत. बहुतेक गाड्यांत लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर खेळ लागतो. मिस्त्री तो बोटाने जोखायचे.

त्या दिवसांची सगळीच बाजू गोड नव्हती. क्लच आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये तेव्हा सर्रास अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडला की पोरं हवेच्या पाइपने धूळ उडवायची आणि तीच हवा श्वासात घ्यायची. हात पेट्रोलने धुवायचे. त्यांच्या फुप्फुसांचा विचार कोणी केला नाही. आज चांगल्या गॅरेजात हातमोजे दिसतात, हे फार चांगलं झालं.

आज वासही बदलले. कागदी पॅकिंग आणि शेलॅकच्या जागी ट्यूबमधलं सिलिकॉन आलं. त्याचे काही प्रकार सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास सोडतात. तो एकदोन दिवसांत जातो, घाबरायचं कारण नसतं. ऑइलच्या डब्यावर आता 'जासो एमए' किंवा 'एमए 2' लिहिलेलं असतं, म्हणजे ते ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालतं. घरात उरलेलं कारचं ऑइल मोटरसायकलमध्ये ओतलं, तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे नव्या कोऱ्या प्लेटाही घसरू शकतात.

1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 हे प्रदूषणाचं मानक आलं. बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर गेला, इंजेक्टर आला, स्कॅनर लावला की इंजिनातला बिघाड कोडमध्ये दिसतो. ही प्रगती मोठी आहे आणि तिने शहराची हवा सुधारायला हातभार लावला. पण साध्या क्लचप्लेटची झीज सांगणारा सेन्सर या गाड्यांत नाही आणि करपट वासाला कोड नसतो. सर्व्हिस सेंटरमध्ये गिऱ्हाईक काचेपलीकडे बसतं, जॉब कार्डावर 'वास येतो' एवढेच दोन शब्द उतरतात आणि गाडी धुऊन परत मिळते. वास केव्हा, कुठून, कसा, हे विचारायला समोर कोणी नसतं.

2020 मध्येच बजाजची चेतक विजेवर परत आली. तिला क्लच नाही, गिअरही नाहीत. उद्याच्या पोरांना क्लचचा वास कदाचित माहीतही नसेल. पण ब्रेक तिलाही आहेत, वायरी तर जास्तच आहेत, आणि वायर तापल्याची पहिली वर्दी नाकच देतं.

म्हणून गॅरेज चालवणाऱ्यांना एक विनंती: शिकाऊ मुलांना स्कॅनरबरोबर वासही शिकवा, करपलेलं ऑइल आणि करपलेला लायनर शेजारी ठेवून त्यांना फरक ओळखायला लावा. आणि गाडी चालवणाऱ्यांना सांगणं: क्लचचं काम झाल्यावर वास आला तर मिस्त्रींना मागे बसवून चक्कर मारा आणि तो वास त्यांना स्वतः घेऊ द्या. अर्धी दुरुस्ती तिथेच होते.