माशी आणि खाच

कारखान्यातून बाहेर पडलेली रायफल आणि शाळेतून बाहेर पडलेला मुलगा यांत मला फारसा फरक वाटत नाही. दोघांनाही सर्वसाधारण कामापुरते शिकवलेले असते. पुढची शिकवण ज्याच्या हाती पडतील त्याने द्यायची.

बोदवडला माझ्या मामांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची .315 बोअरची रायफल आहे. जुन्या ली-एनफील्ड घाटाची, पाच काडतुसांची. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा शौक संपवला. रानडुकरे मक्यात घुसली, तरी वनखात्याची परवानगी मिळाल्यावरच तिला हात लावायचा. मग वर्षाचे बहुतेक दिवस कुलपात पडणाऱ्या वस्तूच्या नेमाची एवढी उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या मक्यात रात्री जखमी डुक्कर शिरते, त्याच मक्यात सकाळी बाया कणसे खुडायला जातात. शिवाय त्या मुक्या जिवाचे हाल होतात ते वेगळेच.

चांदमारीच्या मैदानावर वाळूच्या पिशवीवर टेकवून मामांनी शंभर यार्डांवर पाच बार काढले. भोके चांगल्या भाकरीएवढ्या जागेत विखुरली. मामा म्हणाले, “हिला दुर्बीण बसवू या.” मी म्हटले, “मामा, पाचही बार डावीकडे, पण एका ठिकाणी पडले असते, तर मला चिंता नव्हती.” नेमाने चुकणाऱ्याला सुधारता येते, दर वेळी नव्या तऱ्हेने चुकणाऱ्याला धरायचे कुठून? आणि दुर्बिणीने डोळा सुधारेल, नळी कशी सुधारेल?

दोष निघाला लाकडात. आमच्याकडचा उन्हाळा 45 अंशांच्याही वर चढतो आणि पाठोपाठ पावसाळा येतो. लाकूड आटते, फुगते, पिळवटते. बार उडताना नळी थरथरते, बारामागून बार काढले की तापते; अशा वेळी लाकूड तिला एकाच बाजूने रेटू लागले, की गोळी दर वेळी निराळी वाट धरते. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवली, तेव्हा ती मध्येच अडली. नव्या रायफलींची नळी बहुधा साफ मोकळी ठेवतात. या जुन्या घाटाला मात्र आधार मानवतो, तो दर वेळी सारखा असला म्हणजे झाले. परवानाधारक कारागिराने अडणारी जागा खरवडली. बाराचा धक्का लाकडातल्या ज्या दोन खांद्यांवर बसतो, ते तेल मुरून मऊ पडले होते. तेही त्याने नीट केले, आणि स्क्रू आवळले. नळीच्या तोंडाची कड त्याने भिंगातून पाहिली. तोंडाकडून गज घालून साफ करण्याची सवय असेल, तर ती कड झिजते. आणि गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते तो तिथेच.

शेजारी वरणगावला 1964 पासून सैन्यासाठी काडतुसे बनतात. तिथून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा सल्ला साधा होता: काडतुसे एकाच खेपेची वापरा. निरनिराळ्या खेपांची मिसळ केली, की चूक रायफलीची की काडतुसाची, ते कळत नाही.

पुन्हा पाच बार काढले. या वेळी भोके वाटीएवढ्या जागेत आली. सगळी थोडी डावीकडे. मग माशीची पाळी. माशी आणि मागची खाच यांच्यात वीस इंच अंतर धरले, तर माशी इंचाचा शंभरावा भाग सरकवली, की शंभर यार्डांवर मार 1.8 इंच सरकतो. गंमत अशी, की बार डावीकडे पडत असले तर माशीही डावीकडेच सरकवायची. मामांना ते काही केल्या पटेना. शेवटी काठी आणि दोरी घेऊन अंगणात आखून दाखवले.

एवढे झाल्यावर मी समजत होतो, काम संपले. मामा मात्र शेतात गेले, मातीच्या ढेकळावर कोपर टेकवून तिन्हीसांजेच्या उजेडात माशी कुठवर स्पष्ट दिसते ते पाहून आले. रायफल शंभर यार्डांची झाली होती. त्यांचे डोळे साठ पावलांचे निघाले. साठाव्या पावलावर त्यांनी बांधाला एक पांढरा दगड रोवला.

परवा परवानगी हाती असताना डुक्कर आले, ते दगडाच्या पलीकडे तीसेक पावलांवर उभे राहिले. मामांनी रायफल खाली ठेवली आणि रॉकेलचा रिकामा डबा बडवला. दोन सऱ्यांतला मका गेला.